५० नंबरची बस, सिंहगड पायथा: पार्किंग नको, ही बस वाढवा

रेटिंग आधीच देऊन टाकते, ५ पैकी ४. सिंहगडाला जायचं असेल तर शनिवारवाड्यावरून सुटून स्वारगेटवरून जाणारी पीएमपीएमएलची, म्हणजे पुण्याच्या सिटी बसची, ५० नंबर पकडा आणि पायथ्याला आतकरवाडीत उतरा, एवढाच माझा सल्ला, बाकीचं ज्यांना वाचायला वेळ आहे त्यांच्यासाठी. झालंय काय, सिंहगडाखाली लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू वाचत बसले होते तर जिकडेतिकडे एकच सूर, पार्किंग मिळालं नाही, गडावर जाऊन गाडी न लावताच परत आलो, पायथ्याला एखादं मोठं नवीन पार्किंग करायला काय होतंय, एवढी जागा तर पडूनच आहे. हे शेवटचं वाचून मला राहवेना. जागा पडून नाहीये हो. त्या नवीन पार्किंगला माझा ठाम विरोध आहे आणि तो का ते बसबद्दल लिहिता लिहिताच सांगते, कारण नुसतं नको नको म्हणून भागत नाही, मग लोकांनी जायचं कसं ते पण सांगायला पाहिजे.

आधी बस. सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि तेव्हापासून हा प्रवास खूप सोपा झालाय, पण अजून फार जणांच्या हे लक्षातच आलेलं नाही. पिंपरीकडच्यांनी सरळ मेट्रोत बसायचं ते स्वारगेटला उतरायचं, वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलायची, आणि स्वारगेटला वर आलात की ५० नंबर. माझ्या जाऊबाई पिंपरीला राहतात, त्या मुलांना घेऊन अशाच येतात, आम्ही स्वारगेटला भेटतो आणि सगळे मिळून पुढे जातो. फोनमध्ये 'आपली पीएमपीएमएल' हे ॲप टाकून ठेवा, २०२४ मध्ये आलंय, त्यात बस कुठपर्यंत आली ते दिसतं आणि तिकीटपण त्यातच काढता येतं, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. नाहीतर कंडक्टर काकांकडे यूपीआय चालतंच.

जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा. वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी एवढं सगळं शहरच आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही, पण खडकवासला धरण ओलांडलं की उजवीकडे पाणीच पाणी आणि समोर गड, गडावरचा तो टीव्हीचा टॉवर दिसायला लागतो. स्वतः गाडी चालवणाऱ्याला यातलं काहीच बघता येत नाही हे माझं नवऱ्याकडे बघून झालेलं मत, धरणाकाठच्या चौपाटीवर तो फक्त पुढच्या गाडीचा नंबर वाचत असायचा. बसमध्ये तोच माणूस मुलांना धरण दाखवतो, कुठला डोंगर कुठला ते सांगतो. सकाळी लवकर निघालात तर स्वारगेटपासून तासा-सव्वातासात पायथा येतो.

पैशाचं खरं सांगते, उगाच बस फार स्वस्त पडते असं म्हणणार नाही. १ जून २०२५ पासून भाडं वाढलंय, कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं, ३० किलोमीटरपर्यंत दर ५ किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये असा हिशोब, म्हणजे स्वारगेटवरून माणशी ५०-६० च्या घरात. एकटे किंवा दोघं असाल तर गाडीपेक्षा बस कधीही परवडते. पण चार मोठी माणसं असतील तर जाऊन-येऊन चारशे-साडेचारशे होतात, आणि गाडीचं पेट्रोलपण साधारण तेवढंच होतं, वर गडावर जाताना वन विभागाचं उपद्रव शुल्क वेगळं. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला पैशाच्या दृष्टीने बस आणि गाडी जवळपास सारखीच पडते, आणि मला हे अजिबात पटत नाही. जो माणूस गाडी घरी ठेवून येतोय त्याला काहीतरी फायदा दिसला पाहिजे ना. शनिवार-रविवारी कुटुंबासाठी एकच स्वस्त तिकीट काढा, मेट्रो आणि बस मिळून एकच, बघा किती लोक येतात ते.

आता एक स्टार का कापला. रविवारी सकाळी नऊनंतर खडकवासला चौपाटीपाशी रस्ता तुंबतो, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मध्ये कणीसवाले, भेळवाले, सेल्फीवाले, आणि ज्या बसमध्ये पन्नास माणसं बसलीत ती पण त्याच लाइनीत उभी, एकट्या माणसाच्या गाडीमागे. बसला पुढे जायला वेगळी वाट नाही. आणि रविवारच्या मानाने फेऱ्या वाढायला पाहिजेत, संध्याकाळी परतीला सगळे एकदमच खाली उतरतात तेव्हा तर पाहिजेतच. ड्रायव्हर-कंडक्टरबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट त्या लाइनीतून शांतपणे बस काढणाऱ्या ड्रायव्हर काकांना मी दरवेळी उतरताना थँक्यू म्हणते, तुम्हीपण म्हणा.

पायथ्याला उतरल्यावर पायवाट आहे, तास-दीड तासात आरामात वर जाता येतं, चढ खडा आहे पण मुलं आपल्या आधी पोचतात. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पुण्यातून आल्यावर वर हवा वेगळीच लागते. चालायचं नसेल तर गोळेवाडीवरून आणि पायथ्यावरून प्रवासी जीप आहेत, दहा-बारा जण भरले की सुटतात, घाटाने थेट वर सोडतात. आमचे अण्णा, म्हणजे सासरे, गुडघ्यामुळे चढू शकत नाहीत, ते जीपने जातात आणि आमच्या आधी वर पोचून देवटाक्यापाशी बसलेले असतात. चालत जाण्याचा एक मोठा फायदा म्हणजे मुलं प्रश्न विचारतात, तानाजीराव कुठल्या कड्यावरून चढले, रात्रीचे कसे चढले, १६७० ला इथे झाडं होती का. गाडीतून थेट वाहनतळावर उतरलेल्या पोराला हे प्रश्न पडायला वेळच मिळत नाही.

वर खायचं ते सगळ्यांना माहीतच आहे, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी, मडक्यातलं दही. हे सगळं करणाऱ्या बायका आजूबाजूच्या वाड्यांमधल्या. मी एका मावशींना विचारलं की गाड्या कमी झाल्या तर तुमचा धंदा बसेल का, तर त्या म्हणाल्या, "चालत आल्याली मानसं भाकरी मागत्यात, बसून खात्यात. गाडीवाली भजी बांधून घेत्यात आन् निघत्यात." एका मावशींचं बोलणं म्हणजे काही सर्व्हे नाही हे मला कळतं, पण दीड तास चढून आलेल्या माणसाला भूक जास्त लागते हे सांगायला सर्व्हे लागत पण नाही.

आता पार्किंगकडे येते, मुख्य म्हणणं माझं हेच आहे.

एका गाडीला उभं राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, पण नुसती उभी करून चालत नाही, आत यायला, वळवायला, बाहेर काढायला वाट लागते, ते सगळं धरलं की गाडीमागे पंचवीस चौरस मीटर होतातच. शंभर गाड्यांना अडीच हजार चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत पंचवीस गुंठे. आणि रविवारी शंभराने काय होणार, समजा हजार गाड्यांची सोय करायची म्हटली तर सव्वासहा एकर. डोंगराच्या पायथ्याला सव्वासहा एकर सपाट जागा म्हणजे काय असतं, तर कुणाची तरी भातखाचरं असतात, नाहीतर गुरांचं कुरण असतं, नाहीतर ओढ्याकाठचं रान असतं. रिव्ह्यूत लिहिताना जागा रिकामी वाटते कारण तिथे बिल्डिंग नाही. बिल्डिंग नाही म्हणजे रिकामी, हा शहरात राहून लागलेला डोळा आहे, तो आपण गावाला जाताना घरी ठेवून जायला पाहिजे.

आणि हे सव्वासहा एकर वापरणार किती दिवस, शनिवार आणि रविवार. सोमवार ते शुक्रवार तिथे नुसतं डांबर तापत पडणार. ज्या जमिनीतून वर्षभर काहीतरी उगवत होतं, चरत होतं, मुरत होतं, ती आठवड्यातल्या दोन दिवसांसाठी कायमची बुजवायची. कायमची म्हणतेय कारण एकदा खडी-डांबर पडलेली जमीन परत भाताला देताना मी तरी कुठे पाहिलं नाही.

मुरण्यावरून आठवलं. सिंहगडाच्या बाजूला पाऊस कसा पडतो ते पावसाळ्यात चढलेल्यांना सांगायला नको. एखाद्या जोरदार दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस पडला असं धरा, तर त्या पंचवीस गुंठ्यांवर अडीच लाख लिटर पाणी पडतं. मातीवर, गवतावर पडलं तर त्यातलं बरंचसं जिरतं, सावकाश खाली जातं, उन्हाळ्यात झऱ्याला दिसतं. डांबरावर पडलं तर सगळं एकदम धावत सुटतं, खालच्या शेताच्या बांधावर जाऊन आदळतं आणि जाताना गाड्यांचं सांडलेलं ऑइल घेऊन जातं. हे फक्त शंभर गाड्यांच्या पार्किंगचं. दर पावसाळ्यात घाटात दरड पडते, रस्ता बंद ठेवावा लागतो, हे आपण दरवर्षी बघतो, तरी त्याच डोंगराला अजून खोदा, अजून सपाट करा असं कसं म्हणवतं.

पक्ष्यांचं पण सांगते. आतकरवाडीच्या बाजूचं खोरं, ज्याला सगळे सिंहगड व्हॅली म्हणतात, ते पक्षी बघणाऱ्यांचं आवडतं ठिकाण. उन्हाळ्यात तिथे स्वर्गीय नर्तक दिसतो, लांब पांढरी शेपटी असलेला, नवरंग येतो, निळा माशीमार असतो. माझ्या पुतण्याने पहिल्यांदा स्वर्गीय नर्तक पाहिला तेव्हा तो अर्धा मिनिट बोललाच नाही, आणि हा मुलगा झोपेतसुद्धा बोलतो. हे सगळं ओढ्याकाठच्या झाडीत, म्हणजे बरोबर त्याच सपाटीच्या कडेला जिथे लोकांना पार्किंग हवंय. रिव्हर्सचा पीं-पीं आवाज आणि दारं आपटण्याचे आवाज दिवसभर चालू असलेल्या जागी तो पक्षी कशाला येईल.

बरं समजा हे सगळं बाजूला ठेवलं, शेत नाही, ओढा नाही, पक्षी नाही, नुसता ट्रॅफिकचा विचार केला तरी नवीन पार्किंगने प्रश्न सुटत नाही. गाडी पार्किंगमध्ये पोचणार कुठून, त्याच एका रस्त्याने ना, सिंहगड रोड, खडकवासला, डोणजे, गोळेवाडी. आज अर्धे लोक "तिथे पार्किंग मिळत नाही" म्हणून गाडी काढत नाहीत किंवा पहाटे लवकर निघतात. उद्या बोर्ड लागला की हजार गाड्यांची सोय आहे, तर ते अर्धे पण निघतील, आणि सगळे दहा वाजताच निघतील. राजाराम पुलापासून पुढे फ्लायओव्हर झाले, शहरातला भाग थोडा मोकळा झाला, छान झालं, पण ती गर्दी विरघळली नाही, ती पुढे चौपाटीला आणि डोणज्याला जाऊन उभी राहायला लागली. तिथे राहणाऱ्या माणसाला रविवारी दवाखान्यात जायचं असेल तर काय करायचं, गावात ॲम्ब्युलन्स यायची असेल तर काय करायचं, हा प्रश्न पार्किंग मागणाऱ्या एकाही रिव्ह्यूत मला दिसला नाही.

याच्या उलट हिशोब बघा. शंभर गाड्यांत सरासरी तीन माणसं धरली तर तीनशे माणसं. तीस सीटच्या छोट्या बसच्या दहा फेऱ्यांमध्ये तीनशे माणसं गोळेवाडीवरून गडावर जातात. म्हणजे दोन बस, प्रत्येकीच्या पाच फेऱ्या. दोन बस उभ्या करायला एक गुंठासुद्धा लागत नाही, आणि त्या उभ्या राहतच नाहीत, फिरत राहतात. पंचवीस गुंठ्यांचं डांबर की दोन बस, यात विचार करण्यासारखं काय आहे हे मला खरंच कळत नाही.

इथे लगेच कोणीतरी म्हणणार की ताई, ते करून झालंय, मे २०२२ मध्ये गडावर खाजगी गाड्या बंद करून ई-बस सुरू केलेल्या आणि त्याच महिन्यात बंद पडल्या. बरोबर आहे, बंद पडल्या. पण का पडल्या ते पण बघायला पाहिजे. सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या मानाने बस कमी पडल्या, घाटातली वळणं अवघड, लोक ताटकळले, आणि वर्षानुवर्षं जीप चालवणाऱ्या स्थानिक मुलांचा रोजगार एका दिवसात अडचणीत आला तर ते नाराज होणारच. यातलं एकही कारण "लोकांना बस नको होती" असं नाही, उलट गर्दी झाली म्हणजे लोक बसायला तयार होते. सुनेची पहिली पुरणपोळी फाटली म्हणून कोणी घरात पुरणपोळी कायमची बंद करत नाही. परत करा, नीट करा. आधी फक्त शनिवार-रविवार, छोट्या बस, वेळ आधी फोनवर बुक करायची सोय, आणि जीपवाल्यांना त्यात धरून, त्यांच्या जीपला ठरलेलं भाडं, ठरलेला नंबर आणि ठरलेला थांबा देऊन. तो घाट त्यांच्याइतका कोणाला कळतो?

आणि आपल्याच महाराष्ट्रात हे चालतंय की. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे चालत, घोड्यावर नाहीतर आता ई-रिक्षा आल्यात त्यातून, आणि नेरळवरून मिनी ट्रेन १९०७ पासून आहे. गाडी आत जात नाही म्हणून माथेरान ओस पडलंय का, उलट लोक त्या शांततेसाठीच जातात. २००३ मध्ये तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला तेव्हापासून नियम अजून कडक झाले. साताऱ्याजवळ कासला फुलांच्या सीझनमध्ये गाड्या लांब लावायला लागतात आणि तिथून बसने पठारावर नेतात, आधी ऑनलाइन बुकिंग, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा. आपण पुणेकर तिकडे मुकाट्याने बुकिंग करतो, रांगेत उभे राहतो, कौतुकपण करतो की किती छान ठेवलंय, आणि स्वतःच्या दारातल्या गडाला मात्र गाडी पुणे दरवाज्याला टेकवायचीय.

दस्तुरीला पण पार्किंग आहेच की, असं म्हणाल. आहे. पण तिथे ते गाडी अडवण्यासाठी आहे, अजून गाड्या बोलवण्यासाठी नाही, आणि तिथून पुढे गाडीला वाटच नाही. सिंहगडाला नवीन पार्किंग मागणारे वरचा घाट बंद करायला तयार आहेत का, तर नाहीत, त्यांना खालचंपण पाहिजे आणि वरचंपण. आणि गाडी थांबवायचीच असेल तर ती डोंगराच्या पायथ्याला कशाला, शहरातच थांबवा, जिथे आधीच डांबर आहे तिथे, मेट्रोच्या पार्किंगला ठेवा आणि तिथून पुढे बस.

काही गोष्टी मला मान्य आहेत, त्या पण लिहिते. ज्यांना चालता येत नाही, व्हीलचेअर आहे, तान्हं बाळ आहे, त्यांच्यासाठी वर आत्ता जेवढी जागा आहे त्यातली ठराविक जागा राखून ठेवा, ती दुसऱ्या कोणाला देऊ नका, एवढं केलं तरी नवीन पार्किंगची गरज पडत नाही. आमच्या अण्णांना जीपमध्ये चढताना पायरी उंच पडते, हात धरायला लागतो, म्हणून खालच्या पायरीच्या बस हव्यात हे मी स्वतःच्या घरातूनच सांगतेय. दुसरं, गावातल्या लोकांनी स्वतःच्या शेतात रविवारी चार गाड्या लावून घेऊन थोडे पैसे मिळवले तर त्याला माझा काही विरोध नाही, त्यांचं शेत, त्यांची कमाई, सोमवारी तिथे परत गुरं चरतात. माझा विरोध आहे तो सरकारी पैशाने कायमचं डांबर टाकायला. तेच पैसे पायथ्याच्या बसथांब्यावर खर्च करा. थांब्याला उन्हा-पावसाची शेड करा, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट करा (ही सोय नाही म्हणून किती बायका गाडीने जातात किंवा जातच नाहीत हे बायकांनाच विचारा), पिण्याच्या पाण्याचा नळ, वेळापत्रकाचा मोठा बोर्ड, आणि गावातल्या बचत गटाच्या बायकांना तिथेच एक ओटा, म्हणजे बसची वाट बघणारा माणूस ताक पिईल, तांदूळ विकत घेईल. सायकलवाल्यांसाठी साखळी लावता येईल असा स्टँड करा, पहाटे या रस्त्याने किती सायकली जातात बघा, त्यांना वर चढायचं असेल तर सायकल ठेवायची कुठे हा प्रश्न असतोच.

आणि चौपाटीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावणं बंद करा, शनिवार-रविवार पूर्ण बंद, तिथे पण बसनेच या. तेवढं एक केलं तरी ५० नंबरचा अर्धा तास वाचेल आणि मी हा रिव्ह्यू एडिट करून पाचवा स्टार देईन.

माझी विनंती आहे, सिंहगडाचा रिव्ह्यू लिहिताना "पार्किंग नाही" म्हणून एक स्टार देऊ नका. ते वाचून उद्या कोणीतरी अधिकारी म्हणेल की लोकांचीच मागणी आहे. लोकांची मागणी बसची आहे असं दिसायला हवं, तर बसने जा आणि बसबद्दल लिहा, चांगलं-वाईट जे असेल ते लिहा, फेरी चुकली तर वेळेसकट लिहा, थांब्यावर ऊन लागलं तर ते लिहा. ग्रामसभेत, वॉर्ड ऑफिसात, जिथे जिथे पार्किंगचा विषय निघेल तिथे हरकत लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुठे नोंदलं जात नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडं. स्वारगेटवरून सकाळी शक्य तेवढी लवकरची बस धरा, उन्हाळ्यात तर उजाडतानाच, कारण पायवाटेवर वरच्या टप्प्यात सावली कमी आहे. पाण्याची बाटली घरून भरून न्या, प्लास्टिकची विकत घेऊ नका. बूट चांगल्या ग्रिपचे, पावसाळ्यात पायवाट निसरडी होते आणि दरडीमुळे वन विभागाने काही बंद ठेवलंय का ते निघायच्या आधी बघून घ्या. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, घाई करू नका, पण अंधार पडायच्या आत खाली या. परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच कंडक्टर काकांना विचारून ठेवा, त्याच्या आधीची एक धरायचा प्रयत्न करा, म्हणजे बसायला जागा मिळते. लहान मुलं असतील तर परतीला एक शाल जवळ ठेवा, खिडकीतून धरणावरचं वारं जोरात लागतं आणि ती धायरी फाट्याच्या आधीच झोपतात.